गोदावरीचे मासे

जनावरांच्या दवाखान्यात लोक बैल आणतात, म्हशी आणतात, शेळ्या तर रोजच्याच. त्या सकाळी सोलापूरच्या दवाखान्याच्या अंगणात गोदावरी मातीचं मडकं छातीशी धरून उभी होती, आणि रांगेतली सगळी माणसं त्या मडक्याकडे बघत होती.

नवे डॉक्टर एका शेळीचा खूर बांधून उठले. उंच, सावळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"काय आणलंय?"

"मासा," ती हळूच म्हणाली.

रांगेतला एक म्हातारा हसला. "कालवन करायचं सोडून दवाखान्यात आनला व्हय, बाई?"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते मडक्यावर वाकले. आत एक सोनेरी मासा राहून राहून मडक्याच्या कडेला अंग घासत होता.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मला माशांतलं काही कळत नाही. कॉलेजात घोडा शिकवला, गाय शिकवली… मासा कुणी शिकवला नाही."

गोदावरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती वळू लागली.

"थांबा—" त्यांनी आतून भिंग आणलं आणि बराच वेळ पाहिलं. "अंगावर डाग दिसतो ना, तो डाग नाही. हलतोय तो. ऊ आहे ही."

"माशाला उवा?"

"मेंढीला होतात, कोंबडीला होतात. पाण्यातल्यांनीच काय पाप केलंय?" ते पहिल्यांदा हसले, आणि त्या हसण्याने गोदावरीला उगाचच धीर आला.

डॉक्टरांचं नाव मायाप्पा. नातेपुत्याकडच्या धनगराचा मुलगा. मेंढरांमागे फिरत शाळा शिकला, शिष्यवृत्तीवर मुंबईला जाऊन डॉक्टर झाला. गोदावरी मुलींच्या शाळेत शिकवत होती. बाविशी उलटली होती. आईच्या लांबलेल्या दुखण्यात तिच्या लग्नाचं राहून गेलं, आणि मग आईही गेली. वडील, नारायणराव, गिरणीतले निवृत्त हेडक्लार्क. गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परतताना आपली काचेची टाकी आणि सहा सोनेरी मासे त्यांना देऊन गेला होता. बायको गेल्यापासून नारायणराव घरात फारसे बोलत नसत. बोलत ते माशांशी. आता त्यांतले दोन मेले होते. त्या दिवसापासून ते माशांशीही बोलेनासे झाले होते, आणि जेवण ताटात तसंच राहू लागलं होतं. म्हणूनच गोदावरी मडकं घेऊन निघाली होती.

संध्याकाळी मायाप्पा भवानी पेठेतल्या त्यांच्या घरी आला. नारायणरावांनी नाव विचारलं, गाव विचारलं. त्याने जातही सांगून टाकली, पुढचा प्रश्न तोच असणार हे त्याला सवयीने ठाऊक होतं. नारायणराव पाऊलभर मागे सरले.

"टाकी बैठकीतच आहे," ते म्हणाले. "या."

मायाप्पाने टाकीच्या काचेवरून बोट फिरवलं. बारीक दाण्यांच्या ओळी लागल्या. अंडी. टाकी रिकामी करून, घासून, कडक उन्हात वाळवायला हवी होती. तोवर मासे परसातल्या मातीच्या डेऱ्यात ठेवायचे. गोदावरी तांब्याचं घंगाळ घेऊन आली, तसा तो घाईने म्हणाला, "तांबं नको. विषासारखं लागेल त्यांना."

मग दोघं परसात डेऱ्याशी बसली. ओल्या मलमलीत गोदावरीने मासा धरला. जन्मात तिने मासा हातात घेतला नव्हता. तो गार, निसरडा जीव तिच्या तळव्यात धडधडत होता. मायाप्पा चिमटा घेऊन जवळ सरकला.

"थांब की रं… लई हलतोस. थांब, सोन्या…"

गोदावरीने ओठ दाबले.

"हसलात?" तो मान वर न करता म्हणाला. "जनावराशी बोलताना माझी मुंबईची भाषा पळून जाते."

"जाऊ द्या की. ही बरी वाटते."

चिमटा थांबला. त्याने वर पाहिलं. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर होते. मग एकदम दोघांनाही माशाची आठवण झाली.

"त्यांना सावली हवी म्हणून सिद्धेश्वरच्या तळ्यातून मी पाणवेल आणली होती," ती खाली बघत म्हणाली. "त्यातूनच आल्या ना उवा?"

"त्यातूनच."

"म्हणजे मीच मारलं त्यांना."

"सावली द्यायला आणली होती ना? मग मारायला आणली असं म्हणू नका." एवढंच बोलून त्याने उपटलेली ऊ काचेच्या तुकड्यावर ठेवली. मोहरीएवढी, चपटी, आरपार दिसणारी. एवढ्याशा जीवाने सगळं घर आजारी पाडलं होतं.

उरलेल्या बारीक उवांसाठी त्याने विहिरीत टाकतात ते लाल औषध पाण्यात कालवलं. पाणी फिकं गुलाबी व्हायला हवं होतं, जरा गडद झालं. किती द्यायचं हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं, म्हणून एकच मासा आधी सोडला. थोड्या वेळात तो उलटा तरंगू लागला. स्वच्छ पाण्यात घेतला तरी वाचला नाही.

मायाप्पा हात पुसून बैठकीत गेला.

"तो माझ्या हातून गेला," त्याने नारायणरावांना सांगितलं. "औषध जास्त झालं. तुम्ही म्हणाल तर उरलेल्यांना हात लावत नाही."

नारायणरावांनी रिकाम्या टाकीच्या काचेवर हात ठेवला. "गिरणीत चूक कबूल करणारा माणूस मला भेटला नाही," ते म्हणाले. "पुढचं औषध कमी घाला."

उरलेले तीन मासे जगले. टाकी पुन्हा भरली, आणि एका सकाळी बैठकीतून वडिलांचा आवाज ऐकू आला, "अरे, आज खाल्लं का नाही?" गोदावरी चुलीपाशीच थबकली. कितीतरी दिवसांनी ते बोलत होते.

मायाप्पा येतच राहिला. कधी पाणी बघायला, कधी नुसताच.

"मासे तर बरे झालेत," एकदा ती टाकीआडून म्हणाली.

"मग मी काय म्हणून यावं?"

"ते तुम्ही ठरवायचं…"

"मी ठरवलं तर रोज येईन."

ती टाकीमागे खाली वाकली. काचेतून तिचं हसू मात्र त्याला दिसलं.

पेठेत कुजबुज सुरू झाली. बार्शीहून एक स्थळही आलं. आणि त्याच सुमारास माळशिरसकडे गुरांत बुळकांडीची साथ पसरली. मायाप्पाला नातेपुत्याला हजर होण्याचा हुकूम आला. तो निरोप घ्यायला शाळेच्या फाटकाशी आला. ऊन उतरलं होतं. मुली घरी गेल्या होत्या.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "वडिलांना नमस्कार सांगा."

"एवढंच?"

"एवढंच. आणखी काही मागितलं तर तुम्हाला वडील आणि मी यांतून निवडावं लागेल. मला ते तुमच्यावर टाकायचं नाही."

गोदावरीचा आवाज शांत होता. "निवडायचं मला होतं. मला न विचारता तुम्हीच निवडून मोकळे झालात. विचारा… मग जायचं तर जा."

तो एक पाऊल जवळ आला.

"माझ्याशी लग्न कराल? गाव उजाड आहे. आई शाळा शिकलेली नाही. लोक दोन्हीकडून बोलतील."

"करीन," ती म्हणाली.

त्या रात्री जेवायला बसताना तिने वडिलांना सांगितलं. नारायणरावांनी ताटाभोवती पाणी फिरवलेला हात तसाच धरून ठेवला.

"माणूस खरा आहे," ते म्हणाले. "माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण गोदे, जातीबाहेरचं मी साऱ्या जन्मात काही केलं नाही, ते आता मला करवणार नाही. मी लग्नाला येणार नाही. अडवणारही नाही. एवढंच बळ आहे माझ्यात."

"एवढं पुष्कळ आहे, बाबा," ती म्हणाली, आणि मग दोघंही रडली.

साथ ओसरल्यावर लग्न झालं, कचेरीत, सह्या करून. साक्षीला शाळेतल्या तीन शिक्षिका होत्या. नारायणराव आले नाहीत. शब्दाला पक्के होते ते.

दुपारी दोघं नातेपुत्याला जाणाऱ्या मोटारीपाशी उभी होती. सामान टपावर चढलं होतं. एवढ्यात गर्दीतून छत्री टेकत नारायणराव येताना दिसले. लेकीजवळ न थांबता ते सरळ मायाप्पासमोर जाऊन उभे राहिले.

"तिला गार पाणी सोसत नाही," ते म्हणाले. "घसा धरतो. थंडीत पाणी तापवून देत जा."

"देईन," मायाप्पा म्हणाला, आणि नमस्कारासाठी वाकला.

नारायणरावांचे पाय सवयीने मागे सरले. पाऊलभरच. मग ते थांबले. त्यांनी डोळे मिटले, छत्री घट्ट धरली, आणि पाय होते तिथेच राहू दिले.