आतून लावलेली कडी

माझा साडू सुतार आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उंच, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. झोपतानाही काढत नाही म्हणून माझी मेहुणी त्याच्यावर करवादते. हा माणूस गप्पा रंगवणाऱ्यातला नाही. दिवसाला दहा वाक्यं बोलला तरी त्याला दम लागतो. म्हणून तर मी हे खरं मानतो. माझ्यावर गुदरलं असतं आणि मी सांगितलं असतं, तर तुम्ही हसला असता, आणि त्यात तुमची काही चूक नसती.

तर, त्यांच्याकडे ते वादळ झालं सोमवारी संध्याकाळी. विजा आधी नुसत्याच चमकत होत्या, आवाज नव्हता. मग वारा आला. भात शिजायला लागतो तेवढा वेळ होता म्हणे, जास्त नाही. पण मंगळवारी सकाळी लोक बाहेर आले तर आपलीच गल्ली त्यांना ओळखू येईना. पाण्याच्या काळ्या टाक्या गच्च्यांवरून उतरून रस्त्यात लोळत होत्या. पत्रे विजेच्या खांबांना कागदासारखे गुंडाळले गेले होते. झाडं सगळी एकाच दिशेला आडवी, कुणीतरी कंगवा फिरवल्यासारखी. दुकानांच्या पाट्यांची तर अशी अदलाबदल झाली होती की न्हाव्याच्या दारावर 'येथे पंक्चर काढून मिळेल' असं झळकत होतं. लोक त्यालाही हसले. अशा वेळी माणूस कशालाही हसतो.

माणूस एकच गेला. पंपवाले आजोबा.

पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे, म्हणून ते नाव. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरी आजोबा, सून आणि पाळण्यातलं नातवंड. सून शिवणकाम करायची. त्या संध्याकाळी बाळाला ताप होता, म्हणून आजोबा औषध आणायला गेले आणि वादळात सापडले. सकाळी घरासमोरच्या पडलेल्या शेडखाली मिळाले. हातात औषधाची बाटली, फुटलीसुद्धा नव्हती. लोक म्हणाले, दारापासून चार पावलांवर गाठलं हो वाऱ्याने. कळलंही नसेल त्यांना.

आणि त्या घराचं दार गेलं होतं. नुसतं दार नाही, चौकटीसकट. भिंतीला भलंमोठं भोक. सुनेने तिथे चादर लावली होती.

माझ्या साडूला त्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ज्याची त्याची खिडकी, ज्याचं त्याचं छप्पर. बुधवारी दुपारी कुणीतरी सांगितलं, पंपवाल्या आजोबांचं दार खेळाच्या मैदानात पडलंय. हा टेम्पो घेऊन आणायला गेला.

मैदानाच्या मधोमध दार उताणं पडलं होतं. एक ढलपी उडालेली नाही. चौकट चारही बाजूंनी सांधलेली. आणि कडी… आतून लावलेली.

टेम्पोवाला म्हणाला, "मिस्त्री, काय पक्कं काम आहे बघा. भिंत सोडली, पण कडी नाही सोडली!"

साडू हसला. दोघांनी ते उचलून साडूच्या कामाच्या शेडमध्ये आणलं. सांधे वाळावेत म्हणून त्याने चौकट शेडच्या मधोमध उभी केली, दोन्हीकडून टेकू दिले. म्हणजे बघा, भिंत नाही, घर नाही, नुसतं एक बंद दार उभं.

रात्री जेवून तो परत शेडमध्ये गेला. खिडक्यांचं काम तुंबलं होतं. रंधा मारत बसला होता, तेवढ्यात टक टक.

त्याला वाटलं, लाकूड. ओलं लाकूड वाळायला लागलं की आकसतं, कडकडतं. त्यात नवल नाही. त्याने रंधा पुन्हा सुरू केला.

टक टक टक.

आता लाकूड वाजतं ते कसंही वाजतं. असं मोजून-मापून नाही वाजत. तो उठला. दाराच्या पलीकडे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. आवाजही थांबला. मांजर असेल म्हणून तो परत कडीच्या बाजूला आला…

टक टक टक.

पुन्हा पलीकडे गेला. शांत. अलीकडे आला, की थाप. कडीच्या बाजूला उभं राहिलं तरच ऐकू यायची, घरात उभ्या असलेल्या माणसाला बाहेरची थाप ऐकू येते तशी. आणि दर थापेला कडी थरथरत होती. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं.

त्याने कडीला हात लावला नाही. दिवा मालवला, शेड बंद केली आणि सरळ घरी. मेहुणीने विचारलं, "एवढ्यात आटपलं?" तर म्हणाला, "डोकं दुखतंय." त्याचं डोकं जन्मात कधी दुखलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो सुनेकडे गेला. वाटेत त्याने ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते.

"ताई, मी नवं दार करून देतो. ते जुनं पाणी प्यायलंय. टिकायचं नाही."

ती मशीनवर बसली होती. पायडल थांबलं. तिने मान वर केली नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "वाजतं का ते?"

वाजण्याबद्दल हा काही बोललाच नव्हता ना!

मग तिने सांगितलं. नवऱ्यालाही फोनवर सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

"वीज गेली होती. मी बाळाला घेऊन कोपऱ्यात बसले होते. आधी नुसत्या थापा आल्या. मी ओरडून विचारलं, कोण? बोलेना कुणी. नुसत्या थापा. मला वाटलं, वाराच आपटतोय काहीतरी. मग बऱ्याच वेळाने बाबांचा आवाज आला. पोरी, उघड, पोरी, उघड. पण तोवर वरचे पत्रे उचलायला लागले होते, मिस्त्री. दार उघडलं असतं तर वारा आत शिरून छप्परच घेऊन गेला असता. आणि पाळणा बरोबर त्याच्याखाली. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. एक हात कडीवर, दुसऱ्या हातात बाळ. नाही उघडलं मी. मग आवाज थांबला. आणि मग… दारच गेलं."

पाळण्यातलं पोर कण्हत होतं. ताप उतरला नव्हता.

साडू म्हणाला, "मी ते जाळून टाकतो. कुणाला कळायचं नाही."

"नको. तेच बसवा. त्या रात्री मी त्यांना आत घेतलं नाही. आता मीच घेईन."

शुक्रवारी त्याने दार बसवलं. गवंडी कुणी रिकामा नव्हता, तेव्हा चौकटीच्या कडेचं सिमेंटही त्यानेच भरलं. थापी मारायची त्याला सवय नाही, ओबडधोबड रेघा उठल्या. त्याचं त्यालाच ते आवडलं नाही, पण अंधार पडला होता. आणि बाईमाणसाला अशा रात्री एकटं कसं सोडायचं? म्हणून तो तिथेच थांबला. सोबतीला माझ्या मेहुणीला बोलावून घेतलं.

ती शुक्रवारची रात्र. बाहेर पान हलत नव्हतं. हलायला पान तरी कुठे राहिलं होतं म्हणा! मेहुणी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. सून मशीनपाशी. साडू भिंतीला टेकून. वीज अजून आली नव्हती, म्हणून स्टुलावर चार्जिंगचा दिवा. आधी थोडं बोलणं झालं. मग ते संपलं.

मध्यरात्र उलटली असेल.

टक टक टक.

मेहुणीने साडूचा दंड धरला. सून उठली. पदर सारखा केला. दाराशी गेली, कडी काढली, आणि दार आत ओढलं.

बाहेर गल्ली. रिकामी.

"या, बाबा," ती म्हणाली. "चुकलं माझं. आत या."

काही दिसलं नाही. पण दिव्याचा उजेड जरा पिवळा झाला. आणि गारवा… म्हणजे पावसाआधी येतो तसा गारवा, पायांवरून सरकत गेला. मेहुणीच्या मांडीवरचं पोर जागं झालं. उंबऱ्याकडे बघायला लागलं. मग त्याची नजर हळूहळू सरकली. उंबऱ्यावरून खोलीत. मशीनच्या पलीकडे. तिथल्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

सुनेने दार लावलं. कडी घातली. ती रडत होती, पण पाठीवरचं ओझं उतरलेलं माणूस रडतं ना, तशी.

मेहुणी म्हणाली, "झालं गं बाई. आता त्यांच्या जिवाला शांती."

आणि मग…

टक टक.

"पोरी… दार उघड."

पंपवाल्या आजोबांचा आवाज. साडूने आयुष्यभर ऐकलेला. जरा घोगरा.

दाराच्या बाहेरून.

काय रे, काय म्हणालास? हो. मग आत कोण आलं? तेच. तेच त्या तिघांच्याही मनात आलं. तिघांनीही कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात काही नव्हतं. पण पोर अजून तिकडेच बघत होतं. पापणी न हलवता.

"पोरी… उघड. लवकर."

वरचा पत्रा वाजला. एकदा. मग दुसरा. बाहेर वाऱ्याचा मागमूस नाही, आणि पत्रे खिळ्यांसकट उचलायला लागले. आतून. जसं कुणी पाठ लावून रेटतंय.

खाली पोर.

सून दाराकडे धावली. या वेळी थांबली नाही. कडी काढली, ओढलं. दार हलेना. साडू उठला. दोघांनी मिळून ओढलं. भिंतीत चिणल्यासारखं घट्ट. पत्रा कर्रकर्र करत होता. बाहेरून आवाज येत होता, पोरी, पोरी, पोरी…

दिवा विझला.

कानांना दडे बसल्यासारखं झालं. घरातली हवाच कुणीतरी ओढून घेतली. मशीनवरचं कापड, दोऱ्याची रिळं, खुंटीवरचे कपडे, सगळं दाराच्या दिशेने गेलं. मेहुणी पोराला पोटाशी धरून पालथी पडली. साडूच्या गालाला काहीतरी घासून गेलं. लांब होतं… संपेचना. किती वेळ घासत होतं, सांगता येत नाही म्हणाला. मला एवढंच म्हणाला, "केस नव्हते, कापड नव्हतं. काय होतं ते विचारू नकोस."

दार उघडलं. कसं उघडलं, ते अंधारात कुणाला दिसलं नाही.

मग सगळं थांबलं.

आणि दार परत लागलं. हळूच. झोपलेलं पोर जागं होऊ नये म्हणून घरातलं वडीलधारं माणूस लावतं, तसं.

…

नाही, नंतर कधी वाजलं नाही. पोराचा ताप त्याच रात्री उतरला. आता शाळेत जातं ते. आजोबांचा मुलगा बोटीवरून आला, दोन महिने राहिला, बायकोने त्याला सगळं सांगितलं. त्याने बापाच्या चपला काढल्या आणि पुसून ठेवल्या. घर त्यांनी सोडलं नाही. फक्त सुनेला एक सवय लागली आहे. दारावर थाप पडली की ती उघडते, लगेच उघडते. पण तोंडाने 'या' म्हणत नाही. बाजूला होऊन गप्प उभी राहते. समोरचा आधी बोलला, तरच मग तिचं बोलणं. नव्या माणसाला ते तुटक वाटतं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

उजाडलं, तसा साडू घरी जायला उठला. रात्रभर कुणी डोळा मिटला नव्हता. त्याने दाराला हात घातला आणि ओढलं. दार येईना. पुन्हा ओढलं. नाही. दमला होता बिचारा, त्याने नुसता तळवा टेकवला…

दार बाहेर उघडलं. गल्लीच्या बाजूला.

घराचं दार आत उघडतं. त्याने आदल्या संध्याकाळी तसंच बसवलं होतं, दहा वेळा उघडून-मिटून पाहिलं होतं. आता बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. दार ज्यात बसतं, ती चौकटीची खाच बाहेरच्या बाजूला होती. कडी मात्र आतच. असं दार कुणी बनवत नाही. बनवायचं म्हटलं तर चौकट उचकटून नवी घडवावी लागेल.

तो खाली बसला आणि चौकटीच्या कडेने बोट फिरवत गेला. वरपासून खालपर्यंत.

सिमेंट अजून ओलसर होतं. त्यावर त्याच्याच थापीच्या ओबडधोबड रेघा. एकही मोडलेली नव्हती.