धुक्यातले पटाखे

सरलाबाईंनी आपल्या इंजिनड्रायव्हर नवऱ्याच्या, नीलकंठरावांच्या हाती भाजीची पिशवी दिली. उत्तरेकडच्या त्या नगरा नावाच्या रेल्वे वस्तीतल्या शेजाऱ्यांना वाटावं, स्वारी मेथी आणायला निघाली. खरं तर ते निघाले होते रेल्वे फाटकाकडे, स्वतःच्या भीतीला भेटायला.

रेल्वेचा कामगार विठोबा तिथे धुक्यात रुळांवर पटाखे, म्हणजे स्फोटक भरलेल्या पत्र्याच्या डब्या, लावायचा. चाकाखाली ते फुटले, की ड्रायव्हरला कळायचं, पुढे सिग्नल आहे. एका हिवाळ्यात पटाखे फुटले आणि पाठोपाठ विठोबाच नीलकंठरावांच्या इंजिनाखाली आला. तेव्हापासून दिवाळीचा साधा फटाका वाजला, तरी हा धिप्पाड माणूस पलंगाखाली शिरायचा. आता सोमवारी डॉक्टरी तपासणी होती. जमलं तर इंजिन, नाहीतर कायमची ऑफिसातली खुर्ची.

इस्पितळातल्या समुपदेशक लीलाताई त्यांना आठवड्याआठवड्याने फाटकाच्या जवळ आणत होत्या, पण भीती तसूभर हलत नव्हती. मग चोरी पकडली गेली. गाडी आली, की हे डोळे गच्च मिटून रामरक्षा पुटपुटायचे!

"डोळे मिटले म्हणजे तुम्ही इथे आलातच नाही, नीलकंठजी," लीलाताई आज म्हणाल्या. "भीती चढू द्या. ती उतरतेही."

तिन्हीसांजेचं धुकं दाटलं होतं. फाटकवाल्याच्या शेगडीतल्या कोळशाचा वास येत होता. रूळ गुणगुणू लागले.

"आली..."

"बघा... बघत राहा..."

धाड! धाड! भीती चढत गेली, नीलकंठरावांनी फाटकाचा दांडा गच्च धरला. पण डोळे उघडेच राहिले. शेवटचा डबा दिसेनासा झाला, आणि भीती हळूहळू उतरली. चक्क उतरली! त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"सगळी गाडी पाहिली मी, लीलाताई! पटाखे फुटले, तरी हललो नाही!"

लीलाताईंनी फाटकवाल्याकडे पाहिलं. "कसले पटाखे? मला नाही ऐकू आले..."

फाटकवाला हलक्या आवाजात म्हणाला, "पटाखे? वे तो विठोबा के जाते ही बंद हो गए थे, भैया... अब इंजन में मशीन लगी है, वही सिग्नल बताती है."

घरी सरलाबाईंनी पिशवीतून मेथी काढली. तळाशी पटाख्याची फाटलेली पत्र्याची डबी होती. हात लावताच त्यांनी ती टाकून दिली, "अगंबाई, गरम आहे!"

नीलकंठरावांनी ती उचलली. शांतपणे खिशात ठेवली.

त्यांना इंजिन मिळालं. पहिल्याच फेरीला धुकं होतं. फाटक जवळ आलं, तेव्हा त्यांनी ताठ बसून जोरात शिटी दिली आणि खिशातली डबी चाचपली. इतक्या दिवसांनंतरही ती गरमच होती.