बिल्ला क्रमांक सत्तावीस

मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात नितेशचं ऑफिस होतं. पूर्वी तिथे लेथ चालायचे. लेथ गेले, भिंतीवरचा लोखंडी दांडीचा स्विच तेवढा राहिला. आता त्यावर एसी चालायचा. स्विचखाली चाव्या अडकवायला एक खिळा होता.

नितेशचं सॉफ्टवेअर सोसायट्यांच्या पंप आणि लिफ्ट दुरुस्तीची कामं सांभाळायचं. त्यात आता एआय एजंट आला होता. विचारलं की बाकी कामांची यादी तो स्वतः शोधून आणायचा. पण कुठलं साधन कधी वापरायचं आणि त्यातून काय मिळतं, हे त्याला नीट लिहून द्यावं लागे. ते लिहायला नितेशने आपल्या मावशीला, पासष्ट वर्षांच्या सुगंधाला बसवलं होतं. विक्रोळीच्या कारखान्यात कारकून म्हणून तिने जन्मभर जॉब कार्डं, म्हणजे एकेका कामाच्या नोंदीची कार्डं, लिहिली होती.

"मावशी, तू लिहिलंस की गाढवालाही कळतं," नितेश म्हणायचा.

"म्हणूनच तुला कळतं ना," सुगंधा म्हणायची, आणि शेजारच्या टेबलावरची श्रुतिका हसायची.

बाकी कामांची यादी आणणाऱ्या साधनाच्या वर्णनात सुगंधाने जुन्या सवयीने एक ओळ लिहिली: ‘नोंद पूर्ण असली, तरी करणारा बाहेर आल्याची खूण नसेल, तर काम बाकी समजावं.’

कारखान्यात तसाच नियम होता. प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला. फिटर यंत्रात शिरण्याआधी आपला बिल्ला स्विचखालच्या खिळ्याला लावायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. ज्याचा बिल्ला खिळ्यावर, तो आत. तोवर दांडीला कोणी हात लावायचा नाही.

दुपारी श्रुतिकाने चाचणी घेतली. बारा कामं यायला हवी होती, तेरा आली.

"प्रेस क्रमांक चौदा, ऑइल सील बदलणे," तिने वाचलं. "करणारा माणिक. नोंद पूर्ण. बाहेर आल्याची खूण नाही. नितेश, कुठली सोसायटी रे ही?"

"मनाचं रचतो तो कधीकधी. परत चालव."

सुगंधाचा चहा हातातच राहिला. प्रेस चौदा तिच्या कारखान्यातला, आणि तिथली कार्डं कागदाची होती. कारखाना बंद झाला तेव्हा ती रद्दीत गेली होती.

माणिक मालवणकडचा. आत शिरताना म्हणायचा, "बाय, बिल्ल्यार नजर ठेव हां." त्या संध्याकाळी सुगंधाला बघायला पाहुणे येणार होते. खिळ्याकडे न बघताच तिने कार्डावर ‘पूर्ण’ लिहिलं. ते बघून कोणीतरी दांडी ओढून प्रेस चालू केला. मग धावपळीत तिने खिळ्यावरचा त्याचा सत्तावीस नंबरचा बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. चौकशीत सांगितलं, माणिकने बिल्ला लावलाच नव्हता. त्याची बायको चंपा दाराबाहेर उभी राहून ते ऐकत होती. एक्केचाळीस वर्षं त्या मरणाचा दोष माणिकच्याच माथी होता.

दुसऱ्या दिवशी तेराव्या कामाखाली आणखी एक ओळ आली: ‘बिल्ला सत्तावीस, खिळ्यावर नाही.’ एसीच्या वाऱ्याला जळक्या ऑइलचा वास येत होता. सुगंधाने आपली ती ओळ पुसून टाकली. काम यादीतून गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी: ‘बिल्ला कारकुनाकडे.’

"कारकून कोण, ते उद्या विचारते त्याला," श्रुतिका पर्स उचलत म्हणाली. "भारी गंमत आहे ना, मावशी?"

"हो गं," सुगंधा म्हणाली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. शिवणाच्या डब्यातून आणलेला बिल्ला तिने खिळ्याला अडकवला. पितळ गार होतं. मग तिने लॅपटॉप उघडून यादी मागवली.

‘बिल्ला सत्तावीस, खिळ्यावर. माणिक आत आहे. पूर्ण ही नोंद चुकीची आहे. चूक कोणाची?’

तिने ‘माझी’ लिहिलं. बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली.

जिन्यावर नितेशची चप्पल वाजली.

तिने शब्द खोडला. ‘माणिकची,’ असं लिहून पाठवलं.

यादी बदलली. बारा कामं. तेरावं नव्हतं.

सुगंधाने श्वास सोडला. बिल्ला काढून घ्यावा म्हणून ती उठू लागली, पण खुर्चीतून उठता येईना. खांद्यांवर, गुडघ्यांवर, चहूबाजूंनी काहीतरी गार आणि तेलकट टेकलं होतं.

तिने खिळ्याकडे पाहिलं. बिल्ल्यावर सत्तावीस नव्हतं. एकशे बारा होतं. निवृत्तीच्या दिवशी गेटवर जमा केलेल्या तिच्या स्वतःच्या बिल्ल्याचा नंबर.

"काय उकडतंय गं, मावशी," नितेश आत येत म्हणाला, आणि त्याने दांडीला हात घातला.