बिनवासाचा सैतान

"मेंढरू पडलं! पुन्हा पडलं!" लांबूटांग ओरडला.

अंगभर कापूस चिकटवलेला बटाट्या नोहाच्या पुठ्ठ्याच्या तारवाला टेकून खाली घसरला होता. त्याची ताई धावली. तिला सगळे शंकासूर म्हणत, कारण कारणाशिवाय कोणतीही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नसे.

सुटी लागली होती. त्या संध्याकाळी सारे गाव भुताखेतांचे मुखवटे चढवून, ढोल बडवत रस्त्यावर हिंडणार होते. मंडळीतल्या मुलांनी त्या नादी लागू नये म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत 'प्रकाश-संध्या' ठरली होती: नोहाचे नाटक, गाणी, खेळ आणि खाऊ. कल्पना वाईट नव्हती. ती अध्यक्षकाकांच्या हाती पडली, हे वाईट होते. उत्सवसमितीचे हे प्रमुख म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले गृहस्थ. भुतांवर त्यांच्याइतका गाढ विश्वास मुखवटेवाल्यांचाही नसेल!

"ताई, डोकं दुखतंय. मळमळतंय," बटाट्या कण्हला.

काकांनी त्याचे दप्तर उपडे केले. आतून सांगाड्याचा मुखवटा पडला.

"बघा! असलं काही आणल्यावर सैतान येणारच! कालपासून या खोलीत माझ्या कानांत कुणाची तरी पावलं वाजताहेत. सकाळी इथंच नाटकाचे कपडे शिवता शिवता माझ्या आत्यांना भोवळ आली. सगळा या मुखवट्याचा प्रताप!"

"काका, मुखवटा त्यानं आज दुपारी आणला," शंकासूर म्हणाली. "भोवळ सकाळी आली. सैतान काय आगाऊ जागा राखून ठेवतो?"

"उलट बोलतेस? दार लावा! पाळकसाहेब येईपर्यंत याला इथून हलवायचं नाही. सगळे याच्याभोवती बसून प्रार्थना करू!"

शंकासूरचेही कपाळ ठणकत होते. मघाशी ती अंगणात गेली, तेव्हा मात्र ठणका थांबला होता. तिचा मित्र लांबूटांग मघाशी आत येईपर्यंत दिवसभर अंगणातच जिराफ रंगवत बसला होता आणि तो ठणठणीत होता. तिची नजर थंडीमुळे कालपासून पेटत असलेल्या कोपऱ्यातल्या गॅसच्या हीटरकडे वळली. ज्योत निळी असायला हवी. ही पिवळी होती, आळसावलेली. वरच्या भिंतीवर काजळीही धरली होती.

"याच्यासाठी पाणी आणते," असे सांगून तिने लांबूटांगला बाहेर ओढले.

"लांबू, भुताला अंगणाची ॲलर्जी असते का रे?"

"म्हणजे?"

"मागच्या गल्लीत चल!"

हीटरचा धूर बाहेर सोडणारी नळी मागच्या भिंतीतून निघत असे. तिच्या तोंडात पांढरा बोळा गच्च ठासलेला होता. शेजारच्या झरोक्यांतही तेच.

"हा तर मेंढरांचा उरलेला कापूस!" लांबूटांग म्हणाला. "काकांनीच परवा फर्मान काढलं होतं: भुतांचे ढोल आत ऐकू येता कामा नयेत, या भिंतीचं प्रत्येक भोक बुजवा!"

"आणि लोकांनी प्रत्येक बुजवलं! कुणी विचारलंसुद्धा नाही की नळी कशासाठी आहे. धूर आतच परततोय, लांबू. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग भास होतात, मग माणूस उठतच नाही. आणि बटाट्या हीटरला चिकटून पडलाय!"

"रुग्णवाहिका बोलावतो!"

ती धावत आत आली. "हीटर बंद करा! सगळे बाहेर चला, हवा विषारी आहे!"

"ऐकलंत? आपली प्रार्थना मोडायला सैतानच हिच्या तोंडून बोलतोय!" काका गरजले. बाकीच्या मोठ्यांनी माना डोलावल्या. बटाट्याची मान मात्र एका बाजूला कलली होती.

पालथ्या घड्यावर आणखी पाणी ओतायला वेळ नव्हता. तिने सुस्कारा सोडला. "बरं. मग बाहेर थांबलेल्या वार्ताहराला परत पाठवते. त्याला अध्यक्षांसह सगळ्या मंडळीचा फोटो हवा होता."

"वार्ताहर?" काकांनी टाय सरळ केला. "आधी सांगायचंस ना! चला, चला! प्रार्थना काय, बाहेरही करता येते!"

क्षणात खोली रिकामी झाली! शंकासूरने श्वास रोखून हीटर बंद केला, खिडक्या ढकलल्या आणि लांबूटांगच्या मदतीने बटाट्याला उचलून अंगणात आणले. वार्ताहर अर्थातच कुठेच नव्हता.

"बटाट्या, डोळे उघड! उघड ना रे!"

तेवढ्यात भोंगा वाजला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. बऱ्याच वेळाने पापण्या हलल्या.

"ताई," आतून घोगरा आवाज आला, "रडतेस कशाला? भेसूर दिसतेस!"

"गप पड, मेंढरा!" ती म्हणाली आणि आणखी रडली.

डॉक्टरबाई मोठ्यांकडे वळल्या. "या मुलीनं उशीर केला असता, तर हा मुलगा हाती लागला नसता. तुम्ही सगळेही इस्पितळात चला, रक्त तपासायचंय."

तोवर पोहोचलेल्या पाळकसाहेबांनी शंकासूरच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरी! शाब्बास, लांबूटांग! देवानं डोकं दिलं ते वापरण्यासाठी. आज ते तुम्हीच वापरलंत."

अध्यक्षकाका घसा खाकरत पुढे आले. "ते ठीक आहे. पण मी ऐकलेली पावलं? ती कुणाची होती?"

"कुणाचीच नाही, काका," शंकासूर शांतपणे म्हणाली. "आणखी थोडा वेळ आत बसला असतात, तर देवदूतांचं गाणंही ऐकू आलं असतं."

आणि सगळ्यांत आधी हसले ते पाळकसाहेब!