वहिनीच्या माथी

"सरक वहिनी, आईला मी भरवते," असं म्हणत तेजस्वीने माधवीच्या हातातली पेजेची वाटी काढून घेतली, आणि माधवी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली... उठताना कमरेत सणकन कळ आली, ती तिने ओठ मिटून गिळली.

राजाबाईंना, माधवीच्या सासूबाईंना, गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं माधवीच्या अंगावर होतं. त्या भाराने तिची कंबर धरली होती. पण त्याहूनही जड असं काहीतरी ती कितीतरी वर्षं एकटीच वाहत होती, आणि ते तिच्या नवऱ्याला, सुजितलाही, ठाऊक नव्हतं.

ती लग्न होऊन पालेगावात आली तेव्हा तिची ही नणंद शाळेत जात होती. वेणी घालायची ती वहिनीनेच, परीक्षेला निघताना हातावर दही घालायचं तेही वहिनीनेच! पुढे तेजस्वीने उल्हासनगरात कापडाचं दुकान चालवणाऱ्या हरेशशी, एका सिंधी मुलाशी, घरी न विचारता लग्न केलं. दुसऱ्या दिवशी दोघं पाया पडायला आली, तेव्हा आतून कडी लागली. वडील आधीच गेलेले, सुजित कामावर. गाव काय म्हणेल या धसक्याने राजाबाईंनी ती कडी स्वतःच्या हाताने लावली होती. बाहेर लेक हाका मारत होती, आणि आत सून सासूचे पाय धरून बसली होती...

काही महिन्यांनी तेजस्वीला दिवस गेल्याचं कानावर आलं आणि राजाबाईंचा राग विरघळला. पण आता लेकीला कुठल्या तोंडाने भेटू, या पश्चात्तापाने त्यांनी अन्न सोडलं. तेव्हा माधवी एकटीच उल्हासनगरला गेली. सासूबाईंना ती आत्या म्हणत असे; त्या दिवशी आत्या शेतावर होत्या, दार मी लावलं, असं तिने तेजस्वीला सांगितलं.

लेक आईला मिळाली. माहेरी बाळंतपण झालं, बारसं झालं. वहिनी मात्र तुटली ती तुटलीच. सुजितनेही कित्येक महिने तिच्याशी अबोला धरला. तेजस्वी येई, आईच्या गळ्यात पडे, आणि वहिनीने पुढे केलेलं पाणीही न पिता निघून जाई. खरं सांगायला राजाबाईंचे ओठ हलत, पण धीर होत नसे, आणि माधवीही नजरेनेच त्यांना गप्प करी.

आज तेजस्वी आईला कायमची न्यायला आली होती. संध्याकाळी हरेश गाडी घेऊन येणार होता. जिने मला दारातून हाकललं तिच्या हाती आईचा शेवट नको, असं ती भावाला फोनवर म्हणाली होती. सकाळी जांभूळ गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ड्युटीला निघताना सुजितने ते खाली मान घालून माधवीला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की आत्यांना पेज पातळ लागते, ते तिला सांगा.

पेज भरवून झाली. कूस बदलायला तेजस्वीने आईच्या काखेत हात घालून तिला छातीशी उचललं. ग्लानीतल्या राजाबाईंनी डोळे न उघडताच धड असलेला उजवा हात तिच्या गळ्यात टाकला. आपल्याला असं उचलून घेणारं माणूस त्यांना एकच माहीत होतं.

"माधवे," त्या पुटपुटल्या, "तेजूला कधी सांगू नको गो... दार मीच लावलेला. माझ्यापायी तू बोल खाल्लास... पन पोरीला नको सांगू. ती मना परत आय नाय बोलायची."

जे माधवीने इतकी वर्षं जिवापाड जपलं ते आता मातीला मिळणार, ही पोर आईला टाकून निघून जाणार... ती कमरेवर हात दाबत पुढे धावली. तेजस्वीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तेजस्वीचे डोळे भरून वाहत होते. क्षणभर तिचे हात सैल झाले. मग तिने आईला आणखी घट्ट धरलं, आणि वहिनी बोलते तशा हळू आवाजात ती म्हणाली,

"नाही सांगणार, आत्या. झोपा तुम्ही."

राजाबाईंचा श्वास संथ झाला.

स्वयंपाकघरात येऊन तेजस्वी भिंतीला टेकून खाली बसली.

"का गं वहिनी? मी तुला काय काय बोलले..."

"तुला तेव्हा दिवस होते," माधवी म्हणाली. "पहिल्या खेपेला पोरीला आई लागते. वहिनी नसली तरी चालतं."

"मला नाही चाललं," तेजस्वी म्हणाली.

तिने डोळे पुसून नवऱ्याला फोन लावला. "हरेश, गाडी मत लाना. मेरे कपडे भेज दे, मैं इधरही रुक रही हूं." तिने वाटीत तेल कोमट केलं आणि नको-नको म्हणणाऱ्या वहिनीला चटईवर पालथं झोपवलं.

"कुठं दुखतं ते सांग."

माधवीने सांगायला तोंड उघडलं. पण हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता म्हणून की काय, तिला काही केल्या ती जागा सांगता येईना... ती नुसतीच रडत राहिली, आणि तेजस्वी आपल्या अंदाजाने तिची कंबर चोळत राहिली.