आतली कडी

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. तुम्ही हसलात तरी चालेल, मामासमोर मात्र हसू नका.

वेळ रात्रीची नव्हती. मंगळवारची भर दुपार. जागा, इस्पितळाच्या तळघरातली धुलाईखोली. मामा तिथे तीस वर्षं चादरी धुतोय.

खोलीच्या टोकाला एक लोखंडी दार आहे. त्यापलीकडे पूर्वी बॉयलर होता. अकरा वर्षांपूर्वी तो फुटला. धोका दिसताच धुलाईखोलीच्या मुकादमांनी मामाला मानगूट धरून बाहेर ढकललं आणि दार ओढून आतून कडी लावली. वाफ त्याच्यापर्यंत येऊ नये म्हणून.

मामाला ओरखडाही आला नाही. मुकादम गेले.

चूक यंत्राची, असं सगळे म्हणाले. मामाही म्हणाला.

पण बॉयलरचा व्हॉल्व्ह रोज सकाळी तपासायचं काम मामाचं होतं. त्या दिवशी त्याने कंटाळा केला, आणि वहीत 'तपासला' असं लिहून खाली सही ठोकली.

हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. मामीलाही नाही.

चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा. पाळक म्हणायचे, ख्रिस्ताने तुमच्यासाठी जीव दिला, एवढे तुम्ही त्याला मोलाचे आहात. मामा आपल्या बुटांकडे बघत राहायचा. प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली की हळूच बाहेर सटकायचा. मनात एकच घोळायचं... कोणासाठी मरतोय हे मुकादमांना कळलं असतं, तर त्यांनी मलाच आत ठेवलं असतं.

तर त्या मंगळवारी बाकीचे जेवायला गेले होते. मशीन बंद. मामा एकटाच चादरींच्या घड्या घालत होता.

आणि... वाफेचा आवाज आला.

बारीक. दारापलीकडून.

बॉयलर कधीच भंगारात गेला होता. खोली रिकामी. बाहेरून कुलूप.

मामाच्या हातातली चादर गळून पडली.

आवाज थांबला. मग... आतून कडी सरकली.

अपघातानंतर दार कापून उघडलं होतं. ती कडी तेव्हाच कापून काढली होती.

"इस्त्री..."

मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून कामाला यायचा, म्हणून मुकादम त्याला या नावाने चिडवायचे. ते गेल्यापासून ही हाक कोणी मारली नव्हती.

मामा दाराला पाठ टेकून खालीच बसला. लोखंड गरम होतं.

"व्हॉल्व्ह मी बघितला नव्हता," तो कसाबसा म्हणाला. "वहीत खोटं लिहिलं. तुम्ही उगाच गेलात माझ्यापायी."

मग... अगदी कानाशी.

"ठाऊक होतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची धूळ दिसली होती मला."

"कधी?"

"तुला ढकलायच्या आधी."

बाकीचे परत आले तेव्हा मामा तिथेच हमसून हमसून रडत होता. दार गार पडलं होतं. त्याच्या पाठीवर मात्र भाजल्याचा लाल पट्टा होता. मी डोळ्यांनी पाहिलाय.

घरी येऊन त्याने मामीला सगळं सांगितलं. "अगं, माहीत असून त्यांनी दार लावलं. मग ख्रिस्तालाही माझं काय ते माहीतच असणार."

त्या रविवारी तो बाहेर सटकला नाही. भाकर दोन्ही हातांनी घेतली.

तिथून तो तडक मुकादमांच्या बायकोकडे गेला. व्हॉल्व्हपासून त्या आवाजापर्यंत सगळं त्यांच्यासमोर ओतलं. वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं,

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

मामाला खोटं बोलता आलं असतं.

"नाही, वहिनी."

आता त्या रोज दुपारी तळघरात येतात. लोखंडी दारासमोर स्टुलावर तासभर बसतात. मामा पाठ करून घड्या घालत राहतो. त्याला मान वर करवत नाही.

आतून अजून काहीही आलेलं नाही.

वहिनी उठतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "उद्या येते."

मामाला नाही. दाराला.