तीन देशांची एकच चव

"दिशे, हे जपान नाहीच! हे आपलं नाशिक आहे!" जीवनने जपानी करीचा चमचा चाटत जाहीर केलं.

दिशाने दुसऱ्या पातेल्यातली थायलंडची हिरवी करी चाखली. तिचा हिरवा रंग गेला होता आणि चव तीच, काळ्या मसाल्याची! दक्षिण आफ्रिकेच्या राजम्याचंही तेच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं योगिनीमावशीकडे नाशिकच्या अंबडला आली होती. मावशीला जगभरच्या करीचं छोटंसं हॉटेल काढायचं होतं. गाळा खंडेरावआजोबांचा. त्यांची अट एकच होती, आधी खाऊ घाल, आवडलं तर गाळा तुझा. आज ते जेवले आणि मान हलवत म्हणाले, "पोरी, तिन्हींची चव एकच लागती. मंग जगभर हिंडायचं कशाला? उद्या परत एकदा कर. नायतर गाळा मागतोय त्या चपलावाल्याला देतो."

मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काळा मसाला मी इथे आणलासुद्धा नाही गं!"

"म्हणजे कुणीतरी घातला!" मावशीची मुलगी आरोही उसळली. "आई ताटं आणायला घरी जाते ना, तेव्हाच!"

"चपलावाला!" जीवन म्हणाला.

"तू गप्प बस," दिशा म्हणाली. "उद्या आपण पहारा द्यायचा."

दुसऱ्या दिवशी मावशी घरी जाताच मुलांनी खरी पातेली ओट्याखाली लपवली. अर्धी अर्धी करी काढलेली दुसरी पातेली शेगडीवर ठेवली आणि तिघं तांदळाच्या पोत्यांमागे दडली.

"शिंकलास तर बघ!" दिशा कुजबुजली.

"मग तुझी वेणी काढ माझ्या नाकातून!"

इतक्यात मागचं दार उघडलं. आत आले ते खुद्द खंडेरावआजोबा! त्यांनी झाकण उचललं, चमचाभर करी तोंडात घातली आणि चेहरा वाकडा केला.

"अरे देवा! आजाऱ्याचं जेवण हे!" त्यांनी खिशातून डबी काढून तिन्ही पातेल्यांत मसाला सोडला. "पोरीचं हाटेल चाललं पाहिजे बाबा," असं पुटपुटत ते आले तसे गेले. मुलं एकमेकांकडे बघतच राहिली. रागवायचं तरी कसं?

जेवताना आरोहीने आजोबांपुढे थायलंडच्या करीच्या दोन वाट्या ठेवल्या.

"आजोबा, ही तुमच्या हातची. आणि ही आईच्या हातची."

आजोबांचा हात थबकला. "म्हणजे मसाला तुम्ही घातलात?" मावशी म्हणाली.

"बघितलं व्हय रे?" आजोबा ओशाळून हसले. "लय फिकं वाटलं गं. तुझं चांगलं व्हावं म्हणून घातला. त्यानंच तिन्हींची चव एक झाली, हे ध्यानातच आलं नाय."

"नुसतं चमच्याने नका खाऊ, आजोबा," दिशा म्हणाली. "भातावर घ्या."

त्यांनी मावशीच्या करीत भात कालवला. एक घास, दुसरा, तिसरा. मावशी पदराचं टोक पिळत उभी होती. वाटी रिकामी झाली तेव्हाच आजोबांनी मान वर केली.

"लेकानं मला थायलंडला नेलं व्हतं. तिथंबी मी ताटाताटात हीच डबी उपडी केली. जाऊन आलो खरा, पण थायलंड आज खाल्लं बघ!"

त्यांनी गाळ्याची किल्ली मावशीच्या हातात ठेवली.

"अन् ही पोरं लय हुशार हायेत. चोर पकडला, अन् वर चोराला जेवूबी घातलं! वाढ आता जपान."